मास्तरीणबाईंची मान

मास्तरीणबाई पडल्या त्या दुपारी त्यांच्या हातात अग्निशमन दलाच्या बँडपथकाचा पंधरावा कोट होता. एकूण बावीस शिवायचे होते, ताठ उभ्या कॉलरचे. एक्क्याऐंशीव्या वर्षी असलं मोठं काम अंगावर घेऊ नका, असं त्यांना तिघांनी सांगितलं होतं. त्यांनी तिघांनाही "बघू" म्हटलं आणि काम घेतलं.

मशीनवरून उठताना खाली लोळणाऱ्या अस्तरात पाय अडकला आणि त्या सरळ पुढे गेल्या. कपाळ कापणीच्या टेबलाच्या कडेवर आपटलं, डोकं मागे झटकलं गेलं. मग त्या जमिनीवर बसल्या, कपाळ चाचपलं, रक्त नाही हे पाहिलं, अस्तराला एक शिवी हासडली, आणि कोट मळला नाही ना याची खात्री करून घेतली.

मास्तरीणबाई आयुष्यात कुठल्या शाळेत शिकवायला गेल्या नव्हत्या. त्यांचे यजमान टेलरमास्तर होते. ते गेल्यावर त्यांनी कात्री हातात घेतली, तेव्हा गिऱ्हाइकांनीच त्यांना ही पदवी बहाल केली. त्या जागच्या जागी दोन मिनिटं बसल्या आहेत असं कोणी कधी पाहिलं नव्हतं. बसल्याच तर मशीनवर, आणि तिथेही पाय चालूच.

संध्याकाळी त्यांची मुलगी कामावरून आली. ती पंचावन्न वर्षांची, शहराच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. धाकट्या भावाची ती ताई, म्हणून आईचीही ताई आणि सगळ्या गल्लीचीही ताईच. तिने आईच्या कपाळावरचं टेंगूळ पाहिलं आणि आधी भरपूर बोलून घेतलं. मग विचारलं, "दुखतंय कुठे?"

"कपाळ नाही दुखत. मान धरलीये जरा."

"बस इथे. चोळून देते."

ताईने मलम घेतलं, मागे उभी राहिली, मान चोळली. मग, उसण भरल्यावर वडील करायचे तसं, एका हाताने हनुवटी आणि दुसऱ्या हाताने डोकं धरून मान हलकेच उजवीकडे वळवली. आत कुठेतरी कट् झालं. आवाज बारीकच होता, पण तो ताईला कानांनी नाही, हातांनी ऐकू आला.

"हं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "सुटली वाटतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंधरावा कोट संपवला. सोळावा कापायलाही घेतला. पण तिसऱ्या दिवशी सकाळी ताईला एक गोष्ट दिसली. आई पलंगावरून उठताना दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरत होती. काठोकाठ भरलेलं पातेलं उचलावं तसं तिने ते उचललं, उठून बसली, मगच हात सोडले.

"हे काय करतेस?"

"काही नाही. असं केलं की दुखत नाही."

ताई कामावर जायला निघाली. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात दुखण्यावरची गोळी घ्यायला थांबली आणि गोळी देता देता दुकानदाराने सहज विचारलं, कशासाठी? तिने डोकं धरून उठण्याचं सांगितलं. दुकानदाराने काउंटरवर ठेवलेली गोळ्यांची पट्टी परत आपल्याकडे ओढली.

"गोळी नंतर. आधी त्यांना हॉस्पिटलमध्ये न्या. आत्ता. आणि चालवत नेऊ नका."

हॉस्पिटलमध्ये पहिल्या एक्स-रेत काही कळेना. म्हातारी हाडं, सगळीकडे झीज, कोणती रेघ कशाची ते ओळखू येत नव्हतं. मग स्कॅन झाला आणि स्कॅननंतर सगळ्यांचं वागणंच बदललं. आतापर्यंत "आजी, जरा सरका" म्हणणारे लोक "आजी, हलू नका!" म्हणायला लागले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठोकळे लावले, कपाळावरून चिकटपट्टी गेली. कूस बदलायची तरी चार माणसं लागत, आणि एकजण डोक्याशी उभा राहून तीनपर्यंत आकडे मोजे.

"अहो, तीन दिवस हिंडतेय मी," मास्तरीणबाई छताकडे बघत म्हणाल्या. "एक अख्खा कोट झाला माझा."

"नशीब तुमचं," डोक्याशी उभी असलेली सिस्टर म्हणाली. "आता हालचाल बंद."

अपघात विभागातला डॉक्टर कागदावर लिहून घेत होता. कधी पडल्या? शुद्ध गेली होती का? हातापायांना मुंग्या? मग मान वर न करताच त्याने विचारलं, "पडल्यानंतर कोणी मान चोळली, ओढली, फिरवली?"

"नाही," ताई म्हणाली.

शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं की तो गेला. तिने आईकडे पाहिलं. आईचं डोकं ठोकळ्यांत अडकलेलं होतं, पण डोळे मोकळे होते. ते डोळे कोपऱ्यातून ताईवर आले, क्षणभर थांबले आणि परत छताकडे गेले.

संध्याकाळी मणक्याच्या सर्जनबाई आल्या. बुटक्या, भरभर बोलणाऱ्या, पण प्रश्न विचारला की उत्तरासाठी थांबणाऱ्या. धाकटा दूरच्या शहरात होता, तो फोनवर होता. ताईने फोन उशीशी ठेवला होता.

"मानेचा दुसरा मणका," सर्जनबाईंनी स्वतःची तर्जनी उभी धरली. "त्यावर अशी एक खुंटी असते, बोटाच्या पेराएवढी. पहिला मणका म्हणजे एक कडं, ते या खुंटीभोवती फिरतं. आपण 'नाही' म्हणून मान हलवतो ना, ती इथे हलते. तुमची ती खुंटी मुळाशी मोडली आहे."

फोनमधून धाकट्याचा आवाज आला, "आईचं 'नाही' म्हणायचं हाड मोडलं? इतकी हाडं असताना नेमकं तेच?"

मास्तरीणबाई हसल्या आणि दुखलं म्हणून थांबल्या. ताईला हसू आलं नाही.

सर्जनबाईंनी तीन वाटा सांगितल्या. पहिली, मागून स्क्रू घालून दोन्ही मणके एकमेकांना जखडायचे. पण आजींच्या हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ करायची गोळी चालू, आणि कित्येक तास पालथं झोपवून भूल. जमेलही, पण धोका लहान नाही, आणि त्यानंतर मान कायमची निम्मीच फिरणार. दुसरी, डोक्याभोवती लोखंडी कडं बसवून ते कवटीत पिनांनी धरायचं. "ते मी या वयात बसवत नाही. माणसांना गिळता येत नाही, छातीत कफ साचतो, तोल जाऊन पुन्हा पडतात." तिसरी, कडक पट्टा. बारा आठवडे, दिवसरात्र.

"पट्ट्याने हाड जुळतं?" ताईने विचारलं.

"या वयात पुष्कळदा जुळत नाही. पण मोडलेल्या जागेत चिवट तंतू धरतात, आणि बऱ्याच जणांचं त्यावर उरलेलं आयुष्य नीट जातं."

"बऱ्याच जणांचं म्हणजे?" धाकटा म्हणाला. "ऑपरेशन करा ना! अर्धवट काम कशाला ठेवायचं?"

सर्जनबाई फोनशी बोलल्या नाहीत. त्या पलंगावर वाकल्या, मास्तरीणबाईंना आपला चेहरा दिसेल इतक्या. "आजी, तुम्हाला बरं होऊन काय करता आलं पाहिजे?"

"खाली बघता आलं पाहिजे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मला टाका दिसला पाहिजे. बाकी कोण डावीकडून जातंय न् कोण उजवीकडून, त्याच्याशी मला काय करायचंय!"

"आणि ऑपरेशन?"

"टेबलावर पडून राहिले तर सात कोट कोण शिवणार? पट्टा द्या."

पट्टा बसवायला एक गृहस्थ आले. पुढचा भाग, मागचा भाग, हनुवटीखाली खोबण, आत फेस. मास्तरीणबाईंनी पडल्या पडल्या बोटांनी त्याची कड चाचपली. "जन्मभर लोकांच्या कॉलरी शिवल्या," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या नशिबी ही? हिला मापच नाही. पुढे कॉलरीतलं कडक बकरम जास्त झालंय."

"तीन मापांत येते, आजी."

"मान काय तीनच मापांत येते?"

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात ताईच्या लक्षात आलं की या पट्ट्याला दोन माणसं लागतात. हनुवटीखालची कातडी ओली राहिली तर सोलवटते, तिथे जखम होते, म्हणून दिवसातून दोनदा आतले पॅड बदलायचे. त्यासाठी आईला अगदी सपाट झोपवायचं. एकाने डोकं दोन्ही तळव्यांत घट्ट धरायचं, दुसऱ्याने पुढचा भाग काढायचा, पुसायचं, कोरडं करायचं, परत लावायचा. धाकटा दहा दिवसांसाठी आला तेव्हा तो डोकं धरायचा. धरताना तो ऑपरेशनबद्दल बोलत राहायचा. तो गेल्यावर दुसरं माणूस म्हणून तळमजल्यावरचे इस्त्रीवाले आले.

इस्त्रीवाले साठीचे, रुंद हाडाचे. तीस वर्षं मास्तरीणबाईंचे कपडे त्यांच्याच टेबलावरून जात. ते आले, साबणाने हात धुतले, फुंकर मारून गरम केले, आणि पलंगाच्या डोक्याशी गुडघे टेकून बसले. त्यांच्या तळव्यांत मास्तरीणबाईंचं डोकं जराही हललं नाही.

"तुम्हाला जमतं की," ताई म्हणाली.

"मखमल अशीच धरायची असते, ताई. दाबलं तर डाग पडतो."

ताईने स्वतः डोकं कधी धरलं नाही. इस्त्रीवाल्यांना वाटे, तिला भीती वाटते. ते खरंही होतं, पण त्यांना वाटे त्या कारणाने नव्हे. पॅड बदलताना ती बोटांनी आईच्या हनुवटीला स्पर्श करी आणि हात झटकन मागे घेई. प्रयोगशाळेत बाटल्या ओळीने लावताना तिचा उजवा हात आपोआप एक हालचाल करी, थोडीशी वळवल्यासारखी. ती थांबे. हात टेबलावर सपाट ठेवी. थोड्या वेळाने हात परत तेच करी. एकदा रंग बदलायची वाट बघत असताना तिने थेंब थेंब औषध सोडायची नळी इतका वेळ उघडी ठेवली की पाणी गुलाबीचं जांभळं झालं आणि सगळा नमुना पुन्हा करावा लागला. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "ताई, तुमचं चित्त थाऱ्यावर नाही. रजा घ्या."

"रजा घेऊन घरी काय करू? तिथेच तर राहवत नाही."

घरी आई पाणी पिताना ठसकली की ताईचा जीव कासावीस होई. हनुवटी खाली करता येत नव्हती, म्हणून घोट चुकीच्या वाटेने जाई. तिने नळीचा पेला आणला, पाणी थोडं घट्ट करायची पूड आणली. आई म्हणाली, ही खळ आहे, हिने कपडे ताठ होतील. पाय दिसत नाहीत म्हणून आई खोलीत चालताना ताई पुढे पुढे जाऊन जमीन बघे. चटई उचलली, वायर भिंतीला ठोकली, अस्तराचे सगळे गठ्ठे माळ्यावर टाकले. "आता मलाही टाक माळ्यावर," आई म्हणाली.

धाकट्याचा रोज फोन येई. "बधिरपणा? चालताना तोल? विचारलंस?" आणि मग, "ताई, तीन दिवस घरात ठेवलंस तिला. मी असतो तर त्याच दिवशी नेलं असतं." ताई म्हणे, "हो." तेवढंच असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटे.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी ताई प्रयोगशाळेतून मधेच निघाली. कारण काहीच नव्हतं. हातातली बाटली ठेवली, पिशवी उचलली, आणि जिन्याच्या पायऱ्या उतरताना तिला कळलं की आपण घरी चाललो आहोत. ती बसमध्ये बसली नाही, दाराशी उभी राहिली. घराच्या जिन्यावर पोचली तेव्हा वरून मशीनचा आवाज येत होता.

दार लोटलेलंच होतं. आई मशीनवर बसली होती, दाराकडे पाठ करून. पट्टा खुर्चीच्या पाठीला टांगलेला. मान उघडी, बारीक, पाच आठवड्यांत आणखीच बारीक झालेली, आणि पुढे वाकलेली. हनुवटी छातीपाशी गेली होती. मशीन धडधडत होतं.

ताईच्या तोंडात 'आई' आलं होतं. ती ओरडणार, इतक्यात तिला जाणवलं: हाक मारली की आई मागे वळून बघेल. आयुष्यभर वळली तशी, झटकन, खांद्यावरून.

ताईने तोंड घट्ट मिटलं. पायातल्या चपला तिथेच सोडल्या. भिंतीला धरून, कापणीच्या टेबलाला वळसा घालत, ती एक एक पाऊल टाकत निघाली. खोली लांबीने काही फार नव्हती. तरी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना तिला घाम फुटला. मधेच मशीन थांबलं. ताई थांबली. आईने दोरा तोडला, कापड सरकवलं, मशीन परत सुरू झालं. ताई पुढे झाली. शेवटी ती मशीनच्या समोर, आईला न वळता दिसेल अशी उभी राहिली आणि खाली बसली, आईच्या डोळ्यांच्या पातळीवर.

आईने नजर वर केली. पाय थांबले.

"हलू नकोस," ताई म्हणाली. "आई, हलू नकोस हं. अजिबात."

"अगं, कॉलरीचा जोड आहे फक्त. पंधरा मिनिटांचं काम."

"कितव्यांदा काढलास?"

मास्तरीणबाईंनी दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "आठवडा झाला. तू कामावर गेलीस की काढते."

ताई उठली, मागे गेली आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदा तिने आईचं डोकं स्वतःच्या दोन्ही हातांत धरलं. हळूहळू सरळ केलं. केसांतून कवटीची उब तळव्यांना लागली. आता सोडता येईना. पट्टा लावायला दुसरं माणूस हवं होतं आणि फोन दाराशी पिशवीत होता.

"इस्त्रीवाल्यांना हाक मार," आई म्हणाली. "खिडकी उघडीच आहे."

ताईने हाक मारली नाही. ती डोकं धरून तशीच उभी राहिली.

"आई, त्या दिवशी मी मान फिरवली होती. कट् झालं होतं. मी डॉक्टरला खोटं सांगितलं."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे?"

"मान माझी होती ना, बये. मला कळलं नसेल होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू नाही म्हणालीस. आता तिथे चार लोकांत मी हो म्हणू? तुला खाल्लं असतं सगळ्यांनी. तुझ्या भावाने तर फोनमधून बाहेर येऊन खाल्लं असतं. आणि एक. मला वाटलं, तू बोलशील. रोज वाटायचं, आज बोलेल. तू नुसती चटया उचलत राहिलीस. मग मलाही राग आला. म्हटलं, हिच्या धाकात मी का बसू? काढला पट्टा."

"रागाने काढलास?"

"थोडा रागाने, थोडा कोटासाठी."

ताई रडायला लागली. पण हात हलवायचे नव्हते म्हणून तिला डोळे पुसता येईनात, आणि पाणी सरळ आईच्या केसांत पडायला लागलं. "अगं, मला भिजवू नकोस," आई म्हणाली. "त्याला हाक मार आता. मान खरंच दुखायला लागली."

त्या वाक्याने ताईचं उरलंसुरलं अवसान गेलं. तिने खिडकीकडे तोंड करून अशी हाक मारली की इस्त्रीवाले इस्त्री बंद करायची विसरून धावत वर आले.

त्याच संध्याकाळी मास्तरीणबाई हॉस्पिटलात होत्या. पुन्हा ठोकळे, पुन्हा स्कॅन. सर्जनबाई येईपर्यंत ताई बाहेर पलीकडच्या भिंतीपर्यंत चालत जाई, परत येई. बसा म्हटलं की बसे आणि लगेच उठे. सर्जनबाई आल्या तेव्हा तिने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं: मलम, हनुवटी, कट्, आणि 'नाही'. आणि मग आईने आठवडाभर पट्टा काढल्याचं.

सर्जनबाईंनी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावून पाहिले. फार वेळ पाहिले. "सरकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "होतं तिथेच आहे."

"आणि माझ्यामुळे मोडलं का?"

"तुम्हाला खरं उत्तर हवंय?"

"हो."

"अशी खुंटी कपाळावर पडल्यानेच मोडते. म्हातारपणी तर साध्या पडण्यानेही. मला वाटतं, तुम्ही मान धरलीत तेव्हा ती मोडलेली होती. पण तुमच्या हाताने काहीच झालं नाही, असं मी लिहून देणार नाही. कोणी देऊ शकणार नाही. पुन्हा कोणी पडलं तर मानेला हात लावू नका, आणि डॉक्टरने विचारलं तर सांगा. आम्ही ओरडण्यासाठी विचारत नाही."

ताईला मोकळं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पण हाताची ती वळवायची हालचाल मात्र कमी झाली.

धाकट्याला तिने दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आणि मला पाच आठवडे हो हो करत राहिलीस." त्याने फोन ठेवला. चार दिवस त्याचा फोन आला नाही. पाचव्या दिवशी आला तो, "पॅड संपले असतील ना? इकडे चांगले मिळतात, पाठवतो," असा. मान फिरवण्याबद्दल तो पुढे कधी बोलला नाही, आणि तो बोलत नाही याचाही ताईला त्रास होत राहिला.

उरलेले सात आठवडे जायचे होते आणि मास्तरीणबाईंना रिकामं बसवणं कुणाच्या हातात नव्हतं. तोडगा इस्त्रीवाल्यांनी काढला. बाह्यांना इस्त्री करायची त्यांच्याकडे एक अरुंद फळी होती, पायावर उभी राहणारी. ती त्यांनी खाली लाकडी ठोकळे देऊन मास्तरीणबाईंच्या छातीइतकी उंच केली. "आता टाका तुमच्याकडे येईल," ते म्हणाले, "तुम्ही त्याच्याकडे जाऊ नका." मशीन चालवता येत नव्हतं, पण काजं-बटणं जमायला लागली. हात डोळ्यांसमोर धरून, राजेशाही थाटात, ताठ मानेने त्या काजं करत. उरलेले कोट दुसऱ्या टेलरकडे गेले. तयार होऊन आले तेव्हा मास्तरीणबाईंनी प्रत्येकाची कॉलर बोटांनी चाचपली आणि "चालेल" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द म्हणजे शिवीच होती.

बारा आठवडे झाल्यावर पुन्हा फोटो निघाले. या वेळी सर्जनबाईंनी स्वतः शेजारी उभं राहून त्यांना मान जमेल तेवढी पुढे आणि जमेल तेवढी मागे न्यायला सांगितलं. ताईने डोळे मिटून घेतले होते.

"हाड जुळलेलं नाही," सर्जनबाई म्हणाल्या.

फोनवर धाकटा होता. "म्हणजे बारा आठवडे फुकट?"

"नाही. हाड जुळलं नाही, पण वाकवल्यावर सरकतही नाही. मधे धरलंय. पट्टा हळूहळू सुटेल. आधी दिवसा एक तास, मग दोन. पडायचं मात्र नाही. हातापायांत काही वेगळं वाटलं तर त्याच दिवशी यायचं."

"पण आत मोडलेलंच राहणार?" ताई म्हणाली.

"हो."

"कायमचं?"

"एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसात अशा पुष्कळ मोडलेल्या गोष्टी कायमच्या असतात," मास्तरीणबाई म्हणाल्या. "चला. खाली बघू का मी?"

त्यांनी खाली पाहिलं. स्वतःच्या मांडीवर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे. फार खाली मान गेली नाही, पण हात दिसले. बाजूला मात्र आता वळत नव्हती. कुणी हाक मारली की त्या अख्ख्या वळत, खांदे, कंबर, पाय, कपाट हलवावं तशा.

पट्टा पूर्ण सुटल्यावर त्यांनी पहिली मागणी केली ती केसांची. तीन महिने पट्ट्यामागे दबून मानेवरच्या केसांची जट झाली होती, कंगवा शिरत नव्हता. ताई त्यांना रिक्षाने दोन गल्ल्या सोडून असलेल्या केस कापायच्या दुकानात घेऊन गेली. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला तिचा हात आईच्या पाठीमागे जात होता आणि आई तो खाली करत होती.

दुकानात कापणाऱ्या बाईंनी टॉवेल गुंडाळला, खुर्ची मागे नेली, बेसिनच्या खोबणीकडे बोट दाखवलं. "आजी, मान मागे टाका. अशी आरामात सोडून द्या."

ताई जागेवरून उठली.

"मान जाग्यावर राहील," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पाणी इकडे आणा."

"अशाने कपडे भिजतील हो."

"भिजू देत. कपडे मी शिवलेत, मला माहीत आहे, आटत नाहीत."

बाईंनी ताईकडे पाहिलं. ताईने मान हलवली, हो. मग त्यांनी एक तांब्या आणला, मास्तरीणबाईंना ताठ बसवलं आणि मागून सावकाश कोमट पाणी सोडलं. पाणी पाठीवरून, खुर्चीवरून, जमिनीवर पसरलं. ताई खाली वाकून ते टॉवेलने टिपायला लागली, कुणाचा पाय घसरू नये म्हणून. मग दाराशी गेली, बाहेर पाहिलं, परत आली, बसली, पुन्हा उठली.

"अगं, किती येरझाऱ्या घालशील?" फेसातून आईचा आवाज आला. "बस एका जागी. माझं डोकं फिरतंय तुला बघून."

"तुझं डोकं फिरत नाही आता," ताई म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं, हे काय बोलून गेलो आपण.

मास्तरीणबाईंचे खांदे हलायला लागले. कापणाऱ्या बाईंनी घाबरून हात काढले. पण त्या हसत होत्या, ताठ बसून, डोळे मिटून, कपाळावरून फेस ओघळत असताना. ताई हसली नाही. ती आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि हसण्याने मान हलत तर नाही ना, हे बघत राहिली.